शेळ्यांच्या दुधावरची मेंढरं

चंद्रभागाबाईंनी मेंढीच्या कासेला हात लावला. कास सुजलेली नव्हती, गरम नव्हती. नुसती रिकामी होती. त्यांनी शेजारच्या मेंढीला धरलं, मग तिच्या पलीकडचीला. उठून नवऱ्याला म्हणाल्या, "दूध आटून राहिलं. एकीचं न्हाई, समद्यांचंच."

नामाजी एका मेंढीचं तोंड उघडून बघत होते. ओठ सुजलेले, हिरड्या लालभडक, जिभेवर निळसर छटा. "खाईना झाल्यावर दूध कुठून येईल," ते म्हणाले आणि मेंढीला सोडून दिलं. ती लंगडत थोडी पुढे गेली आणि बसली.

ही सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झालेला नव्हता, कळमनुरी तालुका परभणीतच मोडत होता. नामाजी आणि चंद्रभागाबाई या धनगर जोडप्याची मेंढरं डोंगरकडा गावाजवळच्या एका बंजारा तांड्यालगत, वसराम राठोड यांच्या रानात बसली होती. ज्वारी निघाली की दरवर्षी ती तिथे बसायची. मेंढरांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळायचं, बदल्यात वसराम धान्य द्यायचे. दोन्ही घरांचा हा व्यवहार नामाजींच्या वडिलांपासूनचा होता.

चंद्रभागाबाईंचं वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास असेल. माहेर औंढ्याकडचं, तेही मेंढरांचंच. लग्नात वडिलांनी त्यांना गाभण मेंढ्या दिल्या होत्या आणि सासरच्या कळपातली निम्म्याहून जास्त जनावरं आपल्या माहेरची आहेत, हे त्या नवऱ्याला अधूनमधून ऐकवत असत. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. कळपामागे चालताना पाठीवर लेकरू, डोक्यावर भांडी आणि हातात काठी, असं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्याची तक्रार त्यांनी कधी केली नाही. कौतुकही केलं नाही.

रोग आला तेव्हा डोंगरकड्याहून जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर येऊन बघून गेले. हा रोग चिलटांमुळे पसरतो, त्यांनी सांगितलं. त्यावरची लस त्यांच्याकडे नव्हती. तोंडात लावायला औषध दिलं, मऊ चारा घाला, सावलीत ठेवा म्हणाले. मोठी जनावरं बहुतेक उठतील.

"अन् कोकरं?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"कोकरांना रोग दिसत नाही. त्यांना दूध मिळालं पाहिजे."

"त्येच तर न्हाई, सायेब."

"मग दुसरीकडून आणा. पण लवकर. एवढी लहान पिलं उपाशी टिकत नाहीत."

डॉक्टर गेल्यावर नामाजींनी एक काम तातडीनं केलं. चिलटं जवळ येऊ नयेत म्हणून त्यांनी कडुलिंबाचं तेल काढलं. त्यात बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, कालवली. डॉक्टरांचं आणि देवाचं, दोघांचंही ऐकलं जावं, असा त्यामागचा हिशेब. मग एकेका कोकराला मांडीवर घेऊन ते मिश्रण डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळलं. तीसेक कोकरं पिवळी झाली. त्यांच्या घरात साथीच्या वेळी भंडारा लावायचा रिवाज होताच, तेलाची भर नामाजींची स्वतःची.

कळपातल्या थोड्या मेंढ्या अजून आजारी पडलेल्या नव्हत्या. त्यांच्या कासेत दूध होतं. दुसऱ्या दिवशी त्याही पिलांना पाय मारून ढकलू लागल्या.

"ह्यांला बी लागला रोग," नामाजी म्हणाले. दोघांनाही तेच खरं वाटलं.

चंद्रभागाबाईंनी डोंगरकड्याच्या हॉटेलवाल्याकडून गाईचं दूध आणलं, बाटलीला रबरी बोंड लावलं आणि पाजायला बसल्या. काही कोकरांनी बोंड तोंडात घेतलंच नाही. ज्यांनी घेतलं त्यांच्यातल्या बऱ्याच पिलांना हगवण लागली. शेवटचं कोकरू पाजून होईपर्यंत पहिलं पुन्हा ओरडायला लागायचं. त्यातच दोन मेली.

नामाजींनी ती पुरली आणि हात धुऊन बायकोशेजारी येऊन बसले. "कोकरं गेली तर खांड मोडली समज," ते म्हणाले. खांड म्हणजे त्यांचा कळप. "म्हाताऱ्या मेंढ्या घेऊन काय करू? नांदेडला जाऊ. हमाली मिळंल."

"मोडायला काय, येका दिसात मोडंल," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आदी ही जगती का बघू."

त्या उठल्या आणि तांड्याकडे चालू लागल्या.

वसरामची बायको रूपाबाई अंगणात दोन शेळ्यांच्या मधे उभी राहून एकीला शिव्या देत होती. त्या शेळीनं ओट्यावर वाळत घातलेली मिरची खाल्ली होती आणि आता ती ठसकत होती. रूपाबाई आणि चंद्रभागाबाईंची मैत्री रान बसवण्याच्या निमित्तानं सुरू झाली आणि चेष्टेवर वाढली. चेष्टेचा विषय कायम एकच: मेंढी शहाणी की शेळी. रूपाबाईचं म्हणणं ठरलेलं होतं. "तुजी मेंढी मरंल पन बोलायची न्हाई. माजी शेळी बघ, पाय अडकला तरी समदा तांडा गोळा करती."

त्या दिवशी चंद्रभागाबाईंचं तोंड पाहून रूपाबाईनं चेष्टा केली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोकरू शेळीला पितं का गं?"

"पिईल. शेळी पाजंल का, ते तू सांग."

"बळंच पाजू. धरून."

"तुजी दोन करडं हायेत पिणारी. दूध कुठं उरतंय?"

"माजं न्हाई उरत. तांड्यात लोकाचं उरतंय की." रूपाबाईनं लुगड्याचा पदर खोचला आणि शेजारच्या दारापासून सुरुवात केली.

कुणाच्या शेळीला एकच करडू होतं, कुणाचं करडू मोठं होऊन पाल्याला लागलं होतं. दूध होतं. पण लोकांना भीती होती ती रोगाची. आजारी मेंढरांशेजारी आपली शेळी न्यायची आणि तीही लंगडायला लागली तर? वसराम स्वतः सगळ्यात पुढे होते.

"डॉक्टरनी सांगितलं, शेळ्याला सहसा काई होत न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"सहसा म्हंजी किती?" वसराम म्हणाले. "सहसा तर जीपबी उलटत न्हाई. कळमनुरीच्या बाजारात जाताना गेल्या वर्षी उलटलीच ना?"

"तरी तुमी बसताच ना जीपमदी?" रूपाबाई म्हणाली.

"माजं आन शेळीचं येक हाय का?"

"शेळी दूध देती," रूपाबाई म्हणाली. बाया हसल्या. वसरामही हसले, पण शेळी सोडायला तयार झाले नाहीत. शेवटी तोडगा निघाला तो असा की शेळ्या मेंढरांकडे जायच्या नाहीत, कोकरं तांड्यात यायची. तिथे मेंढरांची सावली नको. आणि हे सगळं कापसाची वेचणी लागेपर्यंतच. वेचणी लागली की शेळ्या धरून बसायला बायका मोकळ्या राहणार नव्हत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोंडं फुटायला लागलीच होती.

नामाजी कोकरं टोपल्यांत घालून तांड्यात आणू लागले. पहिला दिवस गोंधळाचा गेला. एक बाई शेळीची शिंगं धरायची, दुसरी मागचा पाय, तिसरी कोकराचं तोंड सडाला लावायची. शेळीचा सड लांब. कोकरांना तो धरता येईना. धरला की ती मेंढीच्या कासेला मारावी तशी जोरानं ढुशी मारायची आणि शेळी जागची उसळायची. दुपारपर्यंत रूपाबाईच्या पोटरीवर खुराचा वळ उठला.

पण दूध पोटात गेलं. हगवण थांबली. कोकरं उभी राहू लागली.

अडचण पुढे आली. पकड सुटली की शेळी कोकराचा वास घ्यायची, नाक आक्रसायची आणि शिंगं खाली करून त्याला उडवून लावायची. रोज तेच. करडू हाकेच्या अंतरावर आलं तरी पान्हा सोडणारी शेळी कोकराला जवळ उभं करत नव्हती. चार-पाच दिवस गेले तरी एकही शेळी आपणहून पाजेना. दिवसातून तीनदा-चारदा सगळ्या शेळ्या धरायच्या, म्हणजे तांड्यातल्या बायकांचा दिवस त्यातच जायचा. आधी कौतुकानं येणाऱ्या बायका मग उशिरा येऊ लागल्या. मग दोघीतिघी आल्याच नाहीत.

"परवापासून वेचणी," वसरामनं सांगितलं. "मग नाव काढू नका."

ज्या दारातून बाई आली नव्हती, तिथे चंद्रभागाबाई स्वतः गेल्या, शेळी घेऊन आल्या, एकटीनं भिंतीशी दाबून धरली आणि गुडघ्यानं कोकरू पुढे सरकवलं. असं त्यांनी एकामागून एक केलं. शेजारणीनं विचारलं, किती दिवस करणार? "जवर तुमी शेळी देता तवर," त्या म्हणाल्या.

रूपाबाईच्या नजरेत एक गोष्ट आली ती त्याच दुपारी. टोपलीतल्या कोकरांत एक होतं, इतरांपेक्षा लहान. त्याची आई सगळ्यांत शेवटी, रोग आल्यावर व्याली होती, आणि विऊन मेली होती. ते कोकरू वसरामच्याच भुऱ्या शेळीला लावलेलं होतं. मिरची खाणारी ती हीच. वसराम आधी तयार नव्हते. रूपाबाईनं त्यांना न विचारता, करडांच्या वाट्याचं थोडं दूध तोडून, कोकरू लावलं होतं. भुरी उभी होती, तिला कुणीही धरलेलं नव्हतं आणि कोकरू खाली पीत होतं. भुरीनं मान वळवून त्याच्या शेपटीखाली हुंगलं आणि पुन्हा रवंथ करायला लागली.

रूपाबाई बघत राहिली. मग तिनं दुसरं कोकरू उचललं, त्याची शेपटी वर केली आणि स्वतःचं नाक लावलं.

"काय करून राहिली गं?" चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"थांब." तिनं तिसरं उचललं. मग चौथं. मग भुरीखालचं ते लहान कोकरू. "ह्याला तेल न्हाई लावलं?"

"ते मागून झालं. तेल संपलं व्हतं."

"मंग बराबर हाय," रूपाबाई म्हणाली. "शेळी पिलाला तोंडानं वळखत न्हाई, बाई. मागून वळखती. माजं हाय का न्हाई, ते तिथं हुंगून. तुज्या समद्या कोकराचा येकच वास येऊन राहिला. लिंबाचा. तिला वाटत आसंल, कडुलिंबाचं झाडच पाजून राहिले मी."

चंद्रभागाबाईंनी एक कोकरू घेतलं आणि हुंगलं. कळपात ज्या धडधाकट मेंढ्यांनी आपल्याच पिलांना ढकललं होतं, त्यांना रोग झालेलाच नव्हता, हे आता त्यांच्या ध्यानात येत होतं. मेंढीही पिलू तसंच ओळखते. त्यांना हे लहानपणापासून माहीत होतं. फक्त साथीच्या घाईत सुचलं नव्हतं.

"धू त्यांला," रूपाबाई म्हणाली.

"धुतलं तर गारठ्यानं मरतील. आन हे तेल लोकरीतून निघंल कवा?" चंद्रभागाबाईंनी कोकराच्या शेपटीजवळची लोकर बोटांत धरून पाहिली. "कापावी लागंल."

इथे दुसरी अडचण होती. कोकराच्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात. नामाजींच्या घरात ते बिरोबाच्या पूजेनंतरच उतरवायचं, त्याआधी कातर लावायची नाही. आणि कातर धरायची ती पुरुषानं. बाईनं तिला शिवायचं नाही.

नामाजी रानातून आले. त्यांना सांगितल्यावर त्यांनी आधी तेलाचं मान्य करायला वेळ घेतला. मग म्हणाले, "जावळ देवाचं हाय. देवाच्या आदी कसं उतरवू? आदीच भोगून राहिलो ते काय कमी हाय?"

"मानसाच्या लेकराचं जावळ कुठलं काढत्यात?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"डोक्याचं."

"मंग? डोक्याला कोन हात लावून राहिलं? मी शेपटीचं म्हनून राहिले."

नामाजी विचार करू लागले. रूपाबाई म्हणाली, "नामाजीदादा, कपाळावरला भंडारा राहू द्या. देव म्होरं राहील. आमाला मागचीच बाजू पायजे."

ओट्यावर बसलेले वसराम हसू दाबायला पलीकडे बघू लागले. नामाजींनाही हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. "कातर मी धरतो," ते म्हणाले.

"येकट्याच्यानं कवा व्हायचं?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "वेचणी परवा हाय. दुसरी कातर द्या इकडं."

त्यांनी कातर दिली. त्या घरात बाईच्या हातात कातर जाण्याची ती पहिली वेळ होती. त्यावर नंतर कुणी काही बोललं नाही, आणि चंद्रभागाबाईंनी नंतर ती परतही केली नाही. आजही कळपाची निम्मी कातरणी त्या करतात.

दिवस मावळेपर्यंत सगळ्या कोकरांची शेपटी आणि मागच्या मांड्या उघड्या झाल्या. पुढून पिवळी, मागून नागडी. तांड्यातली माणसं बघायला जमली. ज्या बायका यायच्या थांबल्या होत्या, त्याही आल्या. पुढचं काम रूपाबाईचं. ज्या शेळीला जे कोकरू लावायचं, तिचंच दूध पिळून त्या कोकराच्या शेपटीला चोळायचं आणि त्याला तेच पाजायचं. अदलाबदल नाही. "तिचं दूध ह्याच्या पोटातून गेलं की ह्याचा वास तिचाच व्हतो," ती बायकांना बजावत होती. "तवर धरायचं. मंग सोडून बघायचं."

दुसऱ्या दिवशी एका शेळीनं कोकराचा वास घेतला, शिंगं खाली केली आणि तशीच थांबली. कोकरू तिच्या पोटाखाली शिरलं. तिनं पाय मारला, पण उगीच मारल्यासारखा. संध्याकाळपर्यंत आणखी तीन-चार शेळ्या उभ्या राहिल्या. वेचणीच्या दिवशी सकाळी बायका रानात निघाल्या तेव्हा निम्म्या शेळ्या सोडलेल्या होत्या आणि कोकरं आपापली पीत होती. उरलेल्या शेळ्यांना चंद्रभागाबाईंनी एकटीनं धरून पाजलं. आणखी काही दिवसांत त्यांतल्याही बहुतेक वळल्या. एका शेळीनं शेवटपर्यंत ऐकलं नाही. तिच्या वाट्याचं कोकरू भुरीला लावलं. तिकडे रानात दोन-तीन मेंढ्यांनीही आपली पिलं परत घेतली.

सगळी कोकरं जगली नाहीत. पहिल्या दिवसांत जी फार अशक्त झाली होती, त्यांतली काही गेली. तीसातली वीस-बावीस राहिली. शेळ्यांना रोग झाला नाही. मेंढ्याही हळूहळू चरायला लागल्या. नामाजी पुन्हा नांदेडचं बोलले नाहीत.

संक्रांत झाली. रान चरून संपलं आणि कयाधूच्या काठाकडे कळप न्यायची वेळ आली. कोकरं आता चांगली मोठी झाली होती. नामाजींनी नेहमीची हाळी घातली. मेंढरं उठली, खाली माना घालून चालू लागली. कोकरं जागची हलली नाहीत. हाकलल्यावर ती थोडं अंतर गेली आणि तांड्याच्या दिशेनं पळत सुटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांना मेंढरांची हाळी कळतच नव्हती. त्यांतली दोन बाभळीला पुढचे पाय टेकवून, मागच्या पायांवर उभी राहून शेंगा खात होती. मेंढरू असं करत नाही. नामाजींनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

"ही मेंढरं हायेत का काय हायेत?" ते बायकोला म्हणाले.

चंद्रभागाबाई तांड्यात गेल्या. ओट्यावर बसलेल्या रूपाबाईला सगळं सांगितलं. ती हसून हसून बेजार झाली. "दूध पाजलं की अक्कल बी जाती पोटात," ती म्हणाली. "मी सांगत व्हते, शेळी शहाणी. तुज्या कळपात आता वीस शहाणे झाले. त्येंला हाकलून कसं चालंल? त्येंला पुडारी लागती."

तिनं भुरीला सोडलं, गळ्यातली दोरी चंद्रभागाबाईंच्या हातात दिली.

"ही शेळी परत कवा?" वसरामनं विचारलं.

"कोकरांची मेंढरं झाली की," रूपाबाई म्हणाली.

भुरी पुढे चालली. तिच्यामागे कोकरं, कोकरांमागे मेंढरं. कयाधूच्या काठापर्यंत एकही कोकरू मागे फिरलं नाही. नामाजींना हाळी घालावी लागली नाही आणि हे त्यांना फारसं आवडलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर कळप वसरामच्या रानात परत आला तेव्हा भुरी परत करायची ठरलं होतं. पण तोवर ती कळपात व्याली होती, आणि तिच्याशिवाय कळप उठायला मागत नव्हता. रूपाबाईनं एक करडू नेलं, भुरी ठेवून दिली. त्यानंतर हिंगोली जिल्हा झाला, कळमनुरीचा बाजार वाढला, वसरामनं बोअर घेतला, तांड्यापर्यंत डांबरी रस्ता आला. रासायनिक खत स्वस्त पडतं म्हणून आजूबाजूच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी रान बसवणं बंद केलं. वसरामच्या रानात मात्र नामाजींची मेंढरं दर दिवाळीनंतर बसतातच. कळप आता पूर्वीपेक्षा मोठा आहे. साथीतल्या त्या कोकरांच्या पुढच्या पिढ्या त्यात आहेत आणि त्यांच्यात भुरीच्या वंशाच्या चार शेळ्या. रोगाची लक्षणं दिसली की आसपासचे धनगर आता नामाजींकडे निरोप पाठवतात, आणि नामाजी तो बायकोकडे पोचवतात. पिलांच्या अंगाला काही चोळू नका, हे त्या सगळ्यात आधी सांगतात.

गेल्या दिवाळीनंतर रूपाबाई रानात आली, काठी टेकत कळपातून फिरली आणि एका काळ्या पाटीपाशी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळीपाशी, थांबली.

"ही माजी," ती म्हणाली.

"तुजी कशी? माज्या कळपात झाली."

"खापरपणजी कुनाची व्हती हिची?"

"खापरपणजी तुजी. चारा कुनाचा खाल्ला?"

"चारा माज्याच रानातला," रूपाबाई म्हणाली आणि पाटीचा कान धरला. पाटीनं एवढी बोंब मारली की तांड्यातली दोन माणसं बांधावर येऊन उभी राहिली.